मेंदूतले शेजारी: रिसेप्टरांच्या आपसातल्या व्यवहाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठ नागरिकांच्या एका बैठकीत मेंदू आणि गोळ्या या विषयावर बोलले होते. तेव्हापासून प्रश्न येतातच आहेत: व्हॉट्सअ‍ॅपवर, सात रस्त्याला रिक्षाची वाट बघताना, एकदा तर लग्नात जेवणाच्या पंगतीत. फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एक आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. इथलं वाचून कोणी स्वतःची गोळी बंद करू नये, वाढवू नये, शेजाऱ्याला तर अजिबात देऊ नये.

१. मॅडम, रिसेप्टर म्हणजे नेमकं काय? मराठीत त्याला काय म्हणतात?

पाठ्यपुस्तकात ‘ग्राही’ लिहितात. वर्गात आणि दवाखान्यात सगळे रिसेप्टरच म्हणतात, मीही तेच म्हणते. पेशीच्या पातळ आवरणात बसवलेलं हे एक प्रथिन. त्याचं बाहेरचं तोंड डोपामाइन, सेरोटोनिन, अ‍ॅडिनोसिन अशा एखाद्या रेणूला पकडतं आणि आतलं टोक पेशीच्या आत हालचाल सुरू करून देतं. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांचा एकमेकींना निरोप पोचतो तो बहुतेक याच दारातून.

या पानावर ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते बहुतेक एकाच मोठ्या घराण्यातले आहेत. त्यांची ओळखीची खूण अशी, की प्रथिनाचा धागा पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जातो, धावदोरा घातल्यासारखा. माणसात या घराण्याचे आठशेच्या आसपास सदस्य आहेत आणि बाजारातली जवळपास एक तृतीयांश औषधं यांच्यावरच काम करतात. रॉबर्ट लेफकोवित्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच घराण्याच्या अभ्यासासाठी मिळालं.

२. आम्हाला शाळेत कुलूप-किल्ली शिकवली होती. ती चूक होती का?

चूक नाही, अर्धी होती. त्या चित्रात प्रत्येक कुलूप आपापल्या दारावर एकटं लटकलेलं असतं. प्रत्यक्षात रिसेप्टर एकमेकांना खेटून बसतात, आणि एकाला किल्ली लागली की शेजारच्या कुलपाचं भोक थोडं बदलतं.

बाजेवर दोघं बसलेले आठवा. त्यातला एक उठला की दुसऱ्याच्या बाजूची सुंभं हलतात आणि तो जरा सावरून बसतो. त्याला कोणी हातही लावलेला नसतो. रिसेप्टरांचं असंच आहे. एकाच्या आकारात झालेला बदल दोघांच्या सांध्यातून दुसऱ्यापर्यंत जातो. मग दुसऱ्याची त्याच्या नेहमीच्या रेणूवरची पकड सैल होते, नाहीतर घट्ट. कधी तर तो आत वेगळाच निरोप धाडायला लागतो. वेगवेगळ्या जातीचे दोन रिसेप्टर असे जोडले गेले तर त्या जोडगोळीला ‘हेटेरोमर’ म्हणतात. एकाच जातीचे दोघं असतील तर ‘होमोमर’.

३. हे शोधून काढलं कोणी?

एकाचं नाव सांगायचं तर स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतले शेल फुक्से. पण ते एकटे नव्हते, आणि सुरुवात रिसेप्टरांपासून झालीही नव्हती.

१९६० च्या सुरुवातीला बेंग्ट फाल्क आणि निल्स-ऑके हिलार्प यांनी एक सुंदर युक्ती काढली. गोठवून सुकवलेल्या मेंदूच्या कापांना फॉर्मल्डिहाइडची वाफ द्यायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोपामाइनवाल्या पेशी हिरव्या चमकतात आणि सेरोटोनिनवाल्या पिवळ्या. हिलार्प यांच्या हाताखालच्या दोन तरुणांनी, आनिका डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी, १९६४ मध्ये या पेशींचा मेंदूतला पहिला नीट नकाशा छापला. पुढच्याच वर्षी हिलार्प वारले.

नकाशा हातात आल्यावर फुक्से यांना वेगळाच प्रश्न पडला: एकाच पेशीवर इतके रेणू येऊन आदळतात, तर ती हिशेब लावते कुठे? १९८० च्या सुमारास त्यांनी आणि इटलीतल्या लुइजी अन्याती यांनी मांडलं की हिशेबाचा पहिला भाग पेशीच्या आवरणातच, रिसेप्टरांच्या आपसात उरकत असणार. त्यांचे प्रयोग दिसायला रुक्ष होते. उंदराच्या मेंदूचा तुकडा वाटायचा, पेशी फोडून नुसती आवरणं बाजूला काढायची, त्यात किरणोत्सारी खूण लावलेला रेणू टाकायचा आणि तो किती घट्ट चिकटतो ते मोजायचं. यातली मेख अशी, की पेशी फुटलेली आहे, तिच्या आतली निरोपांची साखळी तुटलेली आहे. तरीही एका रिसेप्टरला चेतवल्यावर दुसऱ्याची पकड बदलत होती. म्हणजे बदल आवरणातल्या आवरणातच होत असणार.

पुष्कळांना त्या काळी हे पटलं नाही. मला हा भाग विद्यार्थ्यांना सांगायला आवडतो, कारण परीक्षेत तो कधीच येत नाही.

४. तुमच्या बोलण्यात सारखं ‘ए-टू-ए आणि डी-टू’ येतं. ही जोडी एवढी महत्त्वाची का?

कारण हिच्यात एका बाजूला डोपामाइन आहे आणि दुसऱ्या बाजूला तुमचा सकाळचा चहा.

मेंदूच्या खोल भागात स्ट्रायटम नावाचा भाग आहे. हालचाल कुठे सुरू करायची आणि कुठे आवरायची हे ठरवण्यात त्याचा मोठा हात. तिथल्या काही पेशी हालचालीला ब्रेक लावतात. या ब्रेकवाल्या पेशींवर दोन रिसेप्टर शेजारी सापडतात. डोपामाइन पकडणारा डी-टू ब्रेक सैल करतो. अ‍ॅडिनोसिन पकडणारा ए-टू-ए ब्रेक दाबतो. पेशीच्या आतही दोघांची दिशा उलटी आहे: एक ज्या रसायनाचं उत्पादन वाढवतो, दुसरा नेमकं तेच कमी करतो. १९९१ मध्ये सर्जी फेरे, फुक्से आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ए-टू-ए चेतवला की डी-टूची डोपामाइनवरची पकडच ढिली पडते. म्हणजे भांडण आत पोचायच्या आधी उंबऱ्यावरच सुरू होतं.

पार्किन्सनमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात त्यात, डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. डोपामाइन आधीच कमी, त्यात शेजारी पकड सैल करतोय. म्हणून या शेजाऱ्याला गप्प करता येईल का, हा प्रश्न औषध कंपन्यांना पडला. त्याचं पुढे काय झालं ते प्रश्न ७ मध्ये.

५. चहाने तरतरी येते ती याच जोडीमुळे का?

बऱ्याच अंशी. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडिनोसिन साचत जातं, आणि ते साचेल तशी झोप दाटते. कॅफिनचा रेणू त्याच्याशी इतका मिळताजुळता आहे की तो अ‍ॅडिनोसिनच्या जागेवर जाऊन बसतो आणि काहीच करत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसा. ए-वन आणि ए-टू-ए, दोन्ही जागा तो अडवतो. ए-टू-ए अडला की शेजारच्या डी-टूवरचा दाब उठतो.

थकवा मात्र जात नाही, नुसता झाकला जातो. रक्तातलं निम्मं कॅफिन संपायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कडक चहातलं निम्मं कॅफिन अकरालाही अंगात फिरत असतं. झोप येत नाही म्हणून गोळी लिहून मागणाऱ्यांनी आधी शेवटचा कप कधी घेतला ते आठवावं. गरोदरपणात हा काळ बराच लांबतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात तो आखडतो, त्याबद्दल प्रश्न १३ बघा.

६. मग चहा-कॉफी पिणाऱ्याला कंपवात होत नाही, हे खरं?

‘होत नाही’ हे खोटं. ‘कमी प्रमाणात आढळतो’ हे बऱ्याच पाहण्यांमधून दिसलेलं आहे. हवाईतल्या जपानी वंशाच्या ८,००४ पुरुषांची पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यात कॉफी जास्त पिणाऱ्यांना पार्किन्सन कमी होता.

पण पाहणीत दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. ज्यांच्यात डोपामाइन आधीपासून कमी पडतंय त्यांना कॉफीची तल्लफच कमी येत असेल, असंही असू शकतं. शिवाय आजार झाल्यावर कॅफिन देऊन हालचाल सुधारते का, ते २०१७ च्या चाचणीत तपासलं गेलं. सुधारली नाही. तेव्हा आवडतो म्हणून चहा प्या, औषध म्हणून नको.

७. या संशोधनातून प्रत्यक्ष गोळी निघाली का?

निघाली. इस्ट्राडेफिलिन. ए-टू-ए अडवणारी. जपानने २०१३ मध्ये आणि अमेरिकेने ऑगस्ट २०१९ मध्ये तिला परवानगी दिली. ती एकटी देत नाहीत. लेव्होडोपा (मेंदूत जाऊन ज्याचं डोपामाइन बनतं ते कंपवाताचं औषध) घेणाऱ्या रुग्णाची हालचाल दोन डोसांच्या मधे ‘बंद पडण्याचा’ वेळ कमी व्हावा म्हणून जोडीला देतात. युरोपच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये तिला नकार दिला, कारण चाचण्यांचे निकाल एकसारखे आले नव्हते.

एक बारीक मुद्दा. ही गोळी चालते म्हणून ए-टू-ए आणि डी-टू एकमेकांना चिकटलेले असतात हे सिद्ध होत नाही. ते नुसते एकाच पेशीवर असते तरी गोळी चाललीच असती. मुलाखतींमधून आणि बातम्यांतून हा फरक नेहमी गळतो.

८. सासूबाईंना लेव्होडोपा चालू आहे. कधी गुण येतो, कधी नाही. रिसेप्टर बिघडले का?

असू शकेल, आजार पुढे सरकला की असं होतं. पण त्याआधी गोळी कशासोबत जाते ते बघा. आमच्या शेजारच्या काकू दोन वाजता जेवता जेवता गोळी घ्यायच्या. ताटात भाकरी, शेंगा चटणी, वरण, शेवटी वाटीभर दही. प्रथिनांचा नुसता मारा. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाहकावर बसून जातं, त्याच वाहकावर प्रथिनांतली अमिनो आम्लंही चढतात. गर्दीत गोळी खालीच राहते.

म्हणून ती साधारणपणे जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायला सांगतात. काकूंच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, पण चिठ्ठीवर नुसतं ‘दुपारी’ लिहिलेलं. वेळ बदलायची ती डॉक्टरांना विचारून, कारण काहींना रिकाम्या पोटी ती घेतली की मळमळतं. त्या मळमळीवर कुठली गोळी चालत नाही ते पुढच्याच उत्तरात आहे.

९. चक्करची गोळी सुरू केल्यापासून वडिलांचे हात थरथरतात. संबंध असेल का?

असू शकतो. हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर मी सर्वात जास्त विस्ताराने देते, कारण तो माझ्याच घरात घडला.

आमचे आप्पा अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात यंत्रमागांवर जॉबर होते. चालत्या मागावर तुटलेला धागा शोधून, माग थांबतो न थांबतो तोच गाठ मारायचे. ७१ व्या वर्षी त्यांना चक्कर आली. एका दवाखान्यातून गोळी मिळाली आणि अकरा महिने ती तशीच चालू राहिली. कोणी थांबवायला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मग एके सकाळी बशीवर कप वाजायला लागला. टिकटिक, टिकटिक. आई म्हणाली, वय झालं. पुढे सदऱ्याची बटणं लागेनात. चालताना डावा हात हलेना. चेहरा असा झाला की रागावलेत का काही कळेना.

गोळीचं नाव सिनारिझिन. मी दर वर्षी दुसऱ्या सत्रात ती यादी फळ्यावर लिहिते: सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, ही औषधं डी-टू अडवतात, म्हाताऱ्या माणसात कंपवातासारखी लक्षणं आणू शकतात. फळ्यावरची यादी आणि फ्रिजवरचा गोळ्यांचा डबा यांचा मेळ मला अकरा महिने बसला नाही. मेंदूविकार तज्ज्ञांनी डबा उघडून बघितला आणि गोळी बंद केली. कप वाजायचा थांबायला पाच महिने लागले. बटणं अजून आईच लावते, पण ते आता सवयीने असावं.

अशी लक्षणं गोळी थांबल्यावर आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकांची ओसरतात. काहींची राहतात. अशा वेळी पार्किन्सन आतून आधीच सुरू झालेला असतो आणि गोळीने तो नुसता उघडा पाडलेला असतो. स्वतःहून गोळी तोडू नका. डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. नुसत्या नावांची चिठ्ठी नको, सगळा डबा.

१०. डबा का? पित्ताच्या कॅप्सूलचा मेंदूशी काय संबंध?

कॅप्सूलच्या मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे अ‍ॅसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये पित्त कमी करणाऱ्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड असतं. तेही डी-टू अडवतं. लोक याला ‘साधी पित्ताची गोळी’ म्हणतात आणि डॉक्टरांनी विचारलं की सांगतही नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.

अपवाद डॉम्पेरिडोनचा. तेही डी-टूच अडवतं, पण रक्त आणि मेंदूच्या मधली भिंत ते फारसं ओलांडत नाही, म्हणून हातपाय थरथरण्याचा धोका बराच कमी. कंपवाताच्या रुग्णाची मळमळ थांबवायला ते वापरतात ते याच कारणाने. मात्र हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. तेव्हा अपवादालाही अपवाद आहेच.

११. खाजकुयलीच्या बियांत डोपामाइन असतं म्हणे. ते घेतलं तर?

डोपामाइन नाही, त्याच्या आधीची पायरी, म्हणजे लेव्होडोपा असतं, आणि चांगलं भरपूर असतं. डोपामाइन पोटातून घेऊन उपयोगही नाही, ते मेंदूत शिरत नाही. (‘डोपामाइन वाढवणारे पाच पदार्थ’ या रीलचं उत्तरही यातच आलं.) अडचण अशी की पुडीगणिक प्रमाण बदलतं. गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असतं, जे रस्त्यातली गळती थांबवतं; चूर्णात ते नसतं. गोळी चालू असताना वर चूर्ण घेतलं तर डोस किती झाला ते कोणालाच कळत नाही.

देशी वनस्पतींचा विषय निघालाय तर सर्पगंधेची गोष्ट सांगते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश नियतकालिकात छापलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी ते सशांना टोचलं, तर ससे कान पाडून निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचलं आणि ससे उठून बसले. हे १९५७ साल. मेंदूला डोपामाइनची स्वतंत्र गरज आहे हे त्यातून उलगडलं, आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळालं. फुक्से यांचं सगळं काम याच डोपामाइनच्या वाटेवरचं पुढचं गाव आहे.

१२. दोन रिसेप्टर खरंच चिकटलेले असतात, हे दिसतं का कुठे?

डोळ्यांनी नाही. अंतर नॅनोमीटरमधलं, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबातलं. त्यासाठी आडवळणाने जावं लागतं. एका रिसेप्टरला प्रकाश देणारं प्रथिन जोडायचं, दुसऱ्याला तो प्रकाश घेऊन वेगळ्या रंगात चमकणारं. दोघं साधारण दहा नॅनोमीटरच्या आत आले तरच ऊर्जा उडी मारते आणि रंग बदलतो. दुसऱ्या पद्धतीत मेंदूच्या कापावरच दोघांना प्रतिपिंडं चिकटवतात, त्यांना डीएनएच्या शेपट्या असतात. शेपट्या एकमेकींपर्यंत पोचल्या तर तिथे लाल ठिपका उगवतो.

यावर आक्षेप काय आहेत? गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तुमचा खांदा शंभर जणांना लागतो, म्हणून ते सगळे तुमचे पाव्हणे होत नाहीत. प्रयोगशाळेतल्या पेशींत रिसेप्टर इतके ठासून भरतात की कोण कोणाला मुद्दाम धरून आहे आणि कोण गर्दीने ढकललाय ते सांगणं अवघड. म्हणून आता नुसत्या जवळिकीवर कोणी समाधान मानत नाही. जोडी झाल्यावर वागणूक बदलते का, सांध्यात बसणारा प्रथिनाचा तुकडा घालून जोडी फोडली तर ती वागणूक जाते का, आणि हे जिवंत प्राण्याच्या मेंदूत दिसतं का, असे तिन्ही प्रश्न विचारतात. ए-टू-ए आणि डी-टू यात बऱ्यापैकी उतरतात. छापून आलेल्या कित्येक जोड्या उतरत नाहीत. माझं मत विचाराल तर कल्पना पक्की आहे, यादी फुगलेली आहे.

निर्विवाद जोडी हवी असेल तर गाबा-बी घ्या. गाबा हा चेतापेशींना शांत करणारा रेणू, आणि हा त्याला पकडणारा रिसेप्टर. १९९८ मध्ये उघड झालं की हा एक रिसेप्टर मुळात दोन वेगळ्या प्रथिनांचा जोड आहे. पहिलं गाबाला पकडतं, पण एकटं असलं तर पेशीच्या आतच अडकून पडतं. दुसरं त्याला बाहेर आवरणापर्यंत आणतं आणि निरोपही तेच आत देतं. एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही. स्नायूंच्या ताठरपणावर देतात ते बॅक्लोफेन इथेच काम करतं. आणि जिभेवरचा गोड चवीचा रिसेप्टरही असाच दोघांचा संसार आहे. मांजराच्या त्यातल्या एकाचं जनुक निकामी झालंय, म्हणून शेंगापोळीचा तुकडा टाकला तर ते तुपासाठी चाटेल, गुळासाठी नाही.

१३. विडी सोडल्यापासून तोच चहा जास्त चढतो, छाती धडधडते. हेही रिसेप्टरच?

नाही, हे यकृत. विडीच्या धुरातले घटक यकृतातलं एक विकर (एन्झाइम) वाढवतात आणि तेच विकर कॅफिन निकालात काढतं. धूर थांबला की विकर पुन्हा कमी होतं आणि कॅफिन अंगात जास्त वेळ टिकतं. कप तोच, डोस मोठा. यात निकोटीनचा हात नाही, म्हणून तंबाखू चघळणाऱ्यांत हा परिणाम दिसत नाही.

हे चहापुरतं असतं तर लिहिलं नसतं. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधंही त्याच विकराने संपतात. अशा रुग्णाने विडी सोडली तर गोळी न वाढवता रक्तातलं औषध वाढतं. विडी जरूर सोडा, सोडताना मानसोपचार तज्ज्ञांना कळवा. विड्या वळणाऱ्या बायकाही विचारतात, आम्ही ओढत नाही, आम्हाला काय? तंबाखू हाताळताना निकोटीन कातडीतून शिरू शकतं. काम झाल्यावर, आणि लेकराला घेण्याआधी, हात साबणाने धुवा.

१४. दारू आणि झोपेची गोळी एकत्र घेऊ नये म्हणतात. तिथेही दोन रिसेप्टर भांडतात का?

तिथे भांडण नाही, संगनमत आहे, आणि ते बहुतांशी एकाच रिसेप्टरवर. गाबा-ए हा पाच तुकड्यांचा, मधून भोक असलेला रिसेप्टर. नावात साम्य असलं तरी प्रश्न १२ मधल्या गाबा-बीचा तो सख्खा नाही. गाबाची जागा एक, डायझेपाम-अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची दुसरी, आणि दारूही त्याचं काम वाढवते. दोन्ही मिळून श्वास चालवणारा मेंदूचा भाग इतका शांत होऊ शकतो की माणूस झोपेतच जातो. याला ‘थोडी चालते’ असं उत्तर नाही.

१५. स्किझोफ्रेनियासाठी यातून नवीन औषध येणार होतं, त्याचं काय झालं?

२००८ मध्ये सेरोटोनिनचा एक रिसेप्टर आणि ग्लुटामेट या चेतापेशींना चेतवणाऱ्या रेणूचा एक, अशी जोडी चर्चेत आली. भास घडवणारी द्रव्यं याच जोडीतून काम करत असतील, मग ग्लुटामेटच्या बाजूने दाबलं तर भास थांबतील, असा विचार होता. ग्लुटामेटच्या बाजूचं औषध मोठ्या चाचण्यांत टिकलं नाही आणि २०१२ मध्ये कंपनीने काम थांबवलं. वेदनाशामकांत अशी आशा आधीपासून आहे. लक्ष्मी देवी यांनी १९९९ मध्ये अफूवर्गीय रिसेप्टरांची जोडी दाखवली, तेव्हापासून फक्त जोडीलाच लागू पडेल आणि व्यसन लावणार नाही असा रेणू शोधणं चालू आहे. मेडिकलमध्ये अजून काही आलेलं नाही.

१६. रक्त तपासून माझे रिसेप्टर कसे आहेत ते कळेल का?

नाही. कोणी तसं पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा.

१७. मुलगी बारावीला आहे. तिला हेच करायचंय. सोलापुरात राहून होईल?

पहिली पायरी होईल. बी.एस्सी., बी.फार्म. किंवा एमबीबीएस, तिन्ही वाटा इथून निघतात. संशोधनासाठी पुढे बाहेर जावं लागेल: पुण्यात आयसर, बंगळुरूला निम्हान्स, एनसीबीएस किंवा भारतीय विज्ञान संस्था, हरियाणात मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र.

पण वाट बघायची गरज नाही. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा जागतिक संग्रह इंटरनेटवर फुकट आहे. ए-टू-एची रचना २००८ मध्ये उलगडली, डी-टूची २०१८ मध्ये. दोन्ही मोबाइलवर फिरवून बघता येतात. माझ्याकडची एक विद्यार्थिनी, तिची आई घरी विड्या वळते, तिने डी-टूमध्ये रिस्पेरिडोन हे मानसिक आजारावरचं औषध नेमकं कुठे रुतून बसतं ते वहीत रंगीत पेन्सिलींनी काढून आणलं होतं. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ते बरं होतं. आणि गणित सोडू देऊ नका. या क्षेत्रात रडवतं ते गणितच.

१८. रमजानच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत डोकं फार ठणकतं. पाणी कमी पडतं म्हणून का?

आपल्या उन्हात पाण्याचाही वाटा असेल. पण दिवसाला सात-आठ चहा घेणाऱ्यात मुख्य संशय चहावर घ्यावा. कॅफिन रोज अ‍ॅडिनोसिनची जागा अडवतं, तेव्हा मेंदू त्याची भरपाई करायला त्या जागा वाढवतो आणि जास्त हळव्या करतो. मग एकदम चहा थांबला की साचलेलं अ‍ॅडिनोसिन या वाढीव जागांवर तुटून पडतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं धरतं. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरुवात होते, एक-दोन दिवसांत कळस गाठतो, आणि दोन ते नऊ दिवसांत सगळं निवळतं.

उपाय स्वस्त आहे. चंद्र दिसायच्या आठवडाभर आधीपासून रोज एकेक कप कमी करायचा. विजापूर वेशीजवळच्या एका चाचांना हे सांगितलं होतं. त्यांनी कप आठच ठेवले, पण घरातल्या मोठ्या कपाऐवजी टपरीवरचा कटिंगचा ग्लास आणला, आणि शेवटचे चार दिवस तोही अर्धाच भरला. पहिल्या रोजाला डोकं दुखलं नाही म्हणून फोन आला, आणि सोबत नवीन प्रश्न: आता ईदनंतर परत मोठा कप काढू की नको?